विन्या, तुझी काडतुसं फोडताना

विन्या, तू जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाहीये. पेपर उघडतो, मिटतो. किटली लावतो आणि चहा करायचाच विसरतो. मंदा म्हणाली, "अहो, फेऱ्या मारून कार्पेटला भोक पाडाल. एकतर बसा, नाहीतर बाहेर जा." बाहेर जाऊ कुठे? गेली अकरा वर्षं बाहेर म्हणजे तुझं गॅरेज, नाहीतर आपला क्लब. दोन्ही ठिकाणी जायची मला लाज वाटत होती. का, ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय. मध्ये मध्ये तोंड घालू नकोस. आता ती सोय तशीही राहिलेली नाही म्हणा.

तुला पोचवायला दोनशे माणूस आलं होतं, कळलं का? इथे क्रिमेटोरियमचा नंबर लागायला बारा दिवस गेले. तेवढ्यात नॉटिंगहॅममधल्या ज्याला ज्याला तू गाडी शिकवलीस तो प्रत्येक जण तुमच्या घरी येऊन गेला असावा. रिटायर झालो म्हणत म्हणत तू दोन विद्यार्थी धरूनच होतास. सुलभावहिनी येईल त्याला एकच सांगत होत्या. "भावजींनी मला महिनाभर आधी सांगितलं होतं. ह्यांच्या हातांकडे बघा, गळाठल्यासारखे वाटतात, जीपीला दाखवा म्हणून. मी मनावर घेतलं नाही हो." आणि मग लोक माझ्याकडे वळायचे. "शरदराव, तुम्ही बरोबर ओळखलं होतं. शेवटी मेडिकल माणूस." तुझी केतकी इल्फर्डहून आली होती. ती माझा हात धरून रडली. "काका, तुम्ही नोटिस केला होता. आम्ही कोणी नाही केला." मी तिच्या डोक्यावर हात फिरवला. तोपर्यंत मला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं. ते खरं नव्हतं हे मला कळलं तेव्हा तुझी राख घरी आलेली होती.

आठवतं ना, हे नेमबाजीचं खूळ कुणाचं? तुझंच. कॉलेजात एनसीसीत चार गोळ्या उडवल्या होत्यास, त्या साठीनंतर तुझ्या डोक्यात फुटल्या. मला म्हणालास, "शरद, क्लबचा ओपन डे आहे, चल." मी म्हटलं, "मी हॉस्पिटलच्या फार्मसीत पस्तीस वर्षं माणसं जगवायला गोळ्या दिल्या, आता हे कशाला?" पण आलो. तुझ्यामागे मी कायम आलोच आहे, फक्त कुरकुर करत. पिस्तूल या देशात आपल्यासारख्याला मिळत नाही, म्हणून पिस्तुलाचंच काडतूस खाणारी ती काउबॉयछाप रायफल. खालची लिव्हर पुढे ढकलायची, मागे ओढायची. नळीतलं काडतूस एका इवल्याशा पाळण्यावर येतं, पाळणा वर उचलला जातो आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बार उडतो त्या जागी, जातं. जाताना जो आवाज येतो त्याच्यावर आपण दोघं खुळे झालो. पोलिसांचा माणूस सर्टिफिकेटसाठी घरी आला तेव्हा मंदानं त्याला पोहे दिले आणि विचारलं, "ह्या दोघांना तुम्ही खरंच बंदूक देणार?"

विकतची काडतुसं परवडत नाहीत असं तू म्हणालास, आणि मी म्हटलं घरी भरणं म्हणजे चोचले आहेत. झाला वाद सुरू. तीन रविवार चालला. शेवटी तुझ्या गॅरेजात काडतुसं भरायचं प्रेस आलं आणि आपण घरीच भरायला लागलो. कामाची वाटणी आपोआप झाली. दारू तोलायची मी, कारण तराजू हा माझा जन्माचा सोबती. गोळी बसवायची आणि तोंड आवळायचं तू, कारण प्रेसची लिव्हर ओढताना तुझा हात क्लचवर असल्यासारखा मऊ पडायचा. पितळेच्या रिकाम्या केसच्या तोंडाची कड गोळीभोवती आत दाबायची, क्रिम्प म्हणतात त्याला. तेवढं नीट झालं तर काडतूस सरळ जातं. नाही झालं तर अडकतं.

आणि अडकलंच. पहिल्या दिवशी आपली दहातली सात काडतुसं अडकली होती. कीथ, तो आपला रेंज ऑफिसर, मागे चहाचा मग घेऊन उभा होता आणि काही बोलत नव्हता, जे बोलण्यापेक्षा वाईट. मी म्हटलं, दारू बदलू, गोळी बदलू, लांबी पण कमी करू. तू म्हणालास, "एका वेळी एक. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग गिअर. तिन्ही एकदम केलंस तर कशानं ठोकलं ते कळणार कसं?" मी म्हटलं, "मला लर्नर समजतोस काय?" तू म्हणालास, "समजत नाही, आहेसच." मग तू दारू नसलेली, फुसकी पाच काडतुसं बनवलीस, त्यांना काळ्या मार्करनं रंगवलंस आणि रायफलीतून एकेक सरकवून बघितलंस. जिथे शाई खरवडली गेली तिथे घासतंय. इतकं सोपं. केसचं तोंड गोळी घालण्यापुरतं आपण थोडं उमलवतो, ते परत मिटलंच नव्हतं. तू तेवढी एकच गोष्ट दुरुस्त केलीस आणि पुढच्या रविवारी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गेली. राहिलेल्या दोनांसाठी आणखी एक महिना. लांबी जरा जास्त होती, पाळण्यावर मावत नव्हती. तेही तूच शोधलंस. मी तोवर इंटरनेटवरच्या सत्तर लोकांची सत्तर मतं तुला वाचून दाखवत होतो आणि तू "हो का, हो का" करत मार्कर फिरवत होतास. त्या "हो का"चा मला किती राग यायचा! आता कुणीतरी तसं म्हणावं म्हणून जीव जातो.

आता चिंचेची गोष्ट. ही तुला अर्धीच माहीत आहे.

वापरलेल्या केस धुवायला लोक मशीन घेतात. मी म्हटलं, पितळ आहे ना, मग आमच्या आईनं समया कशानं घासल्या? मंदानं चिंचेचा गोळा भिजत घातला, मी कोळ केला, केस त्यात बुडवल्या, आणि काय चमकल्या रे! कीथनं उचलून बघितल्या, म्हणाला, नव्या आहेत का? माझी छाती दोन इंच फुगली. तेव्हापासून धुण्याचं खातं माझ्याकडे आलं. तू तुझ्या केस आइस्क्रीमच्या डब्यांत वेगवेगळ्या ठेवायचास. एका बनावटीच्या एकत्र, किती वेळा वापरल्या ते झाकणावर पेन्सिलीनं लिहिलेलं. मी तुला हसायचो. "विन्या, पितळ ते पितळ. ह्या काय कांजीवरम साड्या आहेत?" तू म्हणायचास, "लांबीत केसभराचा फरक असतो, आणि क्रिम्पला तेवढा पुरतो." मी म्हणायचो, बरं बाबा.

ऑगस्टमध्ये तू आठवडाभर केतकीकडे इल्फर्डला गेलास. जाताना डबे माझ्याकडे ठेवून गेलास, धुऊन ठेव म्हणून. माझ्याकडेही एक पिशवी होती. लोक उडवून झालेल्या केस रेंजवरच्या बादलीत टाकून जातात. वर्षभर मी त्यातून उचलत होतो. चांगलं पितळ कचऱ्यात जाताना बघवत नाही, संस्कारच तसले, काय करणार. कीथला विचारून घ्यायचो, चोरी नव्हती. पण तुला सांगितलं नव्हतं, कारण तू लेक्चर दिलं असतंस. तर मी काय केलं, मंदाचं मोठं पातेलं घेतलं, तुझे दोन डबे त्यात ओतले आणि माझी पिशवीही ओतली. एकाच चिंचेत काम होईल. धुतल्यावर सगळ्या एकसारख्या पिवळ्याधमक. मी परत तुझ्या डब्यांत भरून ठेवल्या. जास्तीच्या तिसऱ्या डब्यात. तू आलास, डबा उघडलास, म्हणालास, "वा, लग्नाची भांडी झालीत." आणि भरायला घेतल्यास. तू तपासल्या नाहीस. तपासायचं कारणच नव्हतं, डबे तुझे, धुणारा मी.

मग तो सामना. दुसऱ्या क्लबचे लोक आले होते, फ्रेंडली म्हणायला, पण मी आदल्या दिवशीपासून पाणी कमी पीत होतो म्हणजे बघ. सहा गोळ्या, ठरलेला वेळ. कीथनं नियमाप्रमाणे विचारलं, काडतुसं कुणाची? दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही, हा सगळ्या क्लबांचा धर्म. मी म्हटलं, "आमची." आमचीच होती, दोघांची. पहिलं गेलं. दुसरं पाळण्यावर तिरकं होऊन रुतलं. ते काढलं, तिसरं चेंबरच्या तोंडात अडकलं, आत जाईना की बाहेर येईना. मागे लोक थांबलेले. माझे कान तापले. दुसऱ्या फेरीतही तेच. एकानं हसून काहीतरी म्हटलं आणि माझं टाळकं सरकलं.

आपण क्लबात कायम मराठीत भांडलो, विन्या. अकरा वर्षं. मी तुला गाढव म्हटलं, तू मला कंपाउंडर म्हटलंस, आणि इंग्रजांना वाटायचं आपण हवापाण्याचं बोलतोय. त्या दिवशी मी इंग्रजीत बोललो. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दे आर हिज, कीथ. ही डझ द क्रिम्पिंग. हिज हॅन्ड्स आर गॉन, ही जस्ट वोन्ट अ‍ॅडमिट इट." क्षणापूर्वी आमची होती ती तुझी झाली.

तू माझ्याकडे बघितलंस. मग स्वतःच्या हातांकडे. आणि हात जाकिटाच्या खिशात घातलेस. वाद घातला नाहीस. मला वाटलं, निरुत्तर झाला, म्हणजे मी बरोबर. बेस्टवुडच्या त्या क्लबापासून घरापर्यंत गाडी तूच चालवलीस.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! संध्याकाळी वहिनींना फोन केला. आवाज खाली करून, काळजीवाहू होऊन. "वहिनी, विन्याच्या हातांकडे जरा लक्ष द्या. या वयात अशा खुणा सोडू नयेत." फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटत होतं, हे लिहायलाच हवं. हरलो होतो ना. हरण्याचं कारण दुसऱ्याच्या अंगात सापडलं की किती हलकं वाटतं.

त्यानंतर पाच आठवडे आपण बोललो नाही. तुझे तीन फोन आले. मी फोन हातात धरून तुझं नाव बघत बसलो आणि वाजू दिला. म्हटलं, माफी मागेल तेव्हा उचलू. कोणी कोणाची माफी मागायची होती रे? तिसऱ्यांदा तू निरोप ठेवलास. "शरद, अरे उचल की लेका. एक विचारायचं होतं." एवढंच. मी म्हटलं, रविवारी बघू. मंगळवारी सकाळी तू दात घासताना पडलास. ब्रेन स्ट्रोक. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नंतर कागद करून तुझी रायफल डीलर घेऊन गेला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. उरली काडतुसं. गेलेल्या माणसाची भरलेली काडतुसं कुणी उडवत नाही, ती फोडायची असतात. माझ्या सर्टिफिकेटवर तीच काडतुसं असल्यामुळे ती माझ्याकडे आली. कीथ म्हणाला, हवं तर मी करतो. मी म्हटलं, नको, मीच करतो.

तुला माहीतच आहे कसं असतं ते. हातोडीसारखं प्लास्टिकचं अवजार, त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर हाणायचं. झटक्यानं गोळी सुटते, दारू पोकळीत सांडते. एकेकाला तीन-चार ठोके. दुपारची वेळ, माझ्या गॅरेजचं दार उघडं. आधी मी रडत होतो, खोटं कशाला सांगू. दहा-बारा झाल्यावर लक्षात आलं की एकेक काडतूस वेगळं वागतंय. काही एका ठोक्यात सुटतात, गोळी आत डुगडुगत असल्यासारखी. काही पाच ठोके खातात. आणि काहींच्या तोंडाखाली बारीकसा फुगवटा, नखाला लागेल इतकाच. म्हटलं, बघ, हात. हात थरथरत असणार विन्याचा. त्याही वेळी मी हेच म्हटलं.

मग सहज एक केस उलटी केली. बुडावर बनावटीचा शिक्का असतो. दुसरी उलटी केली. शिक्का निराळा. तिसरी, चौथी.  सगळ्या केस टेबलावर ओतल्या आणि बुडाचे शिक्के बघून दोन ढीग केले. एक तुझ्या बनावटीचा. दुसरा मी बादलीतून उचललेल्यांचा, त्यात चार-पाच तऱ्हा. मग कॅलिपर घेतला. माझ्या ढिगातली प्रत्येक केस वेगळ्या लांबीची. आखूड असेल तिथपर्यंत तुझा क्रिम्प पोचलाच नव्हता, म्हणून गोळी सैल. रायफलच्या धक्क्यानं ती आत सरकणार आणि आखूड झालेलं काडतूस पाळण्यावर तिरकं बसणार. लांब असेल तिथे जास्त दाब बसून अंग फुगलं होतं, ते चेंबरच्या तोंडात अडकणार. आत सरकलेल्या गोळीनं दाब वाढून काही फुटलं असतं तर माझे नाहीतर तुझे डोळे गेले असते, तो हिशेब वेगळाच. आणि तुझा ढीग? त्यातल्या एकूण एक गोळीवर क्रिम्पची खूण एकाच जागी. कॅलिपरमध्ये काटा हलत नव्हता. शेवटच्या डब्यापर्यंत तुझा हात तसाच होता, क्लचवर ठेवल्यासारखा.

मी खाली बसलो. कॉंक्रीटवर. मंदा चहा घेऊन आली. म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "पातेलं." तिला वाटलं मला काहीतरी होतंय.

त्यानंतर चार दिवस मी कोणाला काही बोललो नाही. चार दिवस! वहिनी तिकडे स्वतःला खात होत्या, आणि मी इकडे वाक्यं जुळवत होतो. गेलेला गेला, आता सांगून काय उपयोग, असं एक वाक्य. त्यांना आणखी त्रास कशाला, असं दुसरं. दोन्ही माझ्याच सोयीची. तू असतास तर "हो का" म्हणाला असतास. शुक्रवारी सकाळी उठलो आणि आंघोळ न करता तुमच्या घरी गेलो.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बादली, पिशवी, चिंच, पातेलं, दोन ढीग.  झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्या हातांना काही झालं नव्हतं?"

"नाही वहिनी."

"तुम्ही मला फोन केलात तेव्हाही नाही?"

"तेव्हाही नाही."

"मी काही चुकवलं नाही?"

"तुमचं काहीही चुकलं नाही."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

"तुमच्या फोननंतर मी त्यांना किटलीसुद्धा उचलू दिली नाही, भावजी. पाच आठवडे. ते म्हणायचे, दे गं, मी करतो. मी म्हणायचे, नको, सांडाल. चारचौघांत चहाचा कप घेणं त्यांनी सोडलं. बूट्स केमिस्टकडून पिळायचा रबरी बॉल आणला, टीव्हीसमोर बसून पिळत बसायचे. दोन्ही लर्नर्सना फोन करून सांगितलं, दुसरा इन्स्ट्रक्टर बघा. चाळीस वर्षं गाडी शिकवलेला माणूस, आणि शेवटचे दिवस पॅसेंजर सीटवर बसला." मग म्हणाल्या, "तुम्हाला किती दिवस माहीत आहे?"

"चार."

त्या उठल्या, ओट्यावरचा स्वच्छ कप घेऊन परत धुवायला लागल्या. माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या. "मला सांगून झालं. आता जिथे ओरडलात तिथे जाऊन सांगा. आणि त्यांना सांगा."

"त्याला कसं सांगू वहिनी?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

रविवारी क्लबात गेलो. चहाच्या वेळी, सगळे होते. उभा राहिलो. इंग्रजीतच सांगितलं, कारण गुन्हा इंग्रजीत केला होता. केस मी मिसळल्या, विनायकच्या हातात काही दोष नव्हता, मी इथे जे बोललो ते चूक होतं आणि ते मी तपासून न बघता बोललो.  इंग्रज माणूस अशा वेळी बुटांकडे बघतो, तसे सगळे बघत होते.

नंतर कीथ मला बाहेर गाडीपाशी गाठायला आला. म्हणाला, तुला सांगावं की नाही कळत नव्हतं. विन्या, तू सामन्यानंतर दोन आठवड्यांनी एकटा येऊन गेलास म्हणे. मेंबरशिप परत द्यायला. कीथनं तुला म्हटलं, अरे, एका वाईट दिवसावरून काय ठरवतोस, चल, मी बघतो, चार काडतुसं भरून दाखव. तू नको म्हणालास. म्हणालास, शरद म्हणतो म्हणजे असेल. तो हॉस्पिटलात होता, त्याला या गोष्टी कळतात. मला स्वतःला तर काहीच जाणवत नाही, पण तसंच असतं म्हणे, ज्याचं त्याला जाणवत नाही.

मी गाडीत बसलो. चावी लावली नाही. 

तर हे सांगायचं होतं. तुझ्या हातांना काही झालं नव्हतं, विन्या. शेवटच्या काडतुसापर्यंत ते सरळ होते, मी मोजून बघितलेत. चूक माझी होती, आणि चूक लपवायला म्हणूनही नाही, नुसता हरलो म्हणून मी ती तुझ्या अंगावर टाकली. तीन फोन केलेस. काय विचारायचं होतं ते आता कळणार नाही. कुठल्या डॉक्टरकडे जाऊ, असंच असणार, असं मला वाटतं, आणि तो विचार आला की मी परत उठून फेऱ्या मारायला लागतो.

चाळीस वर्षं माझं एक वाक्य तू वाद घातल्याशिवाय मान्य केलं नाहीस. पाऊस पडतोय म्हटलं तर खिडकीतून हात बाहेर काढून बघायचास. मग हे एकच का ऐकलंस रे माझं?